दुसऱ्या कडेचा शोध : ग्रीन बे पॅकर्सच्या लाइनबॅकर फळीची पुनर्बांधणी

२००८ च्या हंगामात एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्स संघाने सोळापैकी सहा सामने जिंकले आणि दहा गमावले. ब्रेट फार्व्हची न्यूयॉर्क जेट्सकडे रवानगी होऊन क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची, जागा ॲरन रॉजर्सकडे आली, तो हा पहिलाच हंगाम असल्यामुळे अपयशाचे खापर रॉजर्सवर फोडणे अनेकांना सोपे गेले. प्रत्यक्षात त्याच्या आक्रमणफळीने ४१९ गुण मिळवले होते आणि घोडे पेंड खात होते ते बचावात. संघाने ३८० गुण दिले होते, प्रतिस्पर्धी दर सामन्यात धावत सुमारे १३१ यार्ड कापत होते आणि संपूर्ण हंगामात विरोधी क्वार्टरबॅकला चेंडूसह रेषेमागे पाडण्याचे, म्हणजे सॅकचे, प्रसंग केवळ २७ आले होते. जानेवारी २००९ मध्ये मुख्य प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांनी बचावाचे समन्वयक बॉब सँडर्स यांना आणि त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना निरोप दिला व त्यांच्या जागी डॉम केपर्स यांना आणले. केपर्स आले म्हणजे त्यांच्यासोबत ३-४ ही आखणी आली, आणि तोवर ४-३ खेळणाऱ्या संघात सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती लाइनबॅकरांच्या, म्हणजे पुढच्या रेषेच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या बचावपटूंच्या, फळीत. त्या फळीची उभारणी, तिच्यात राहून गेलेली एक पोकळी आणि त्या पोकळीची किंमत मोजणारा खेळाडू हा या प्रकरणाचा विषय आहे.

एका माणसाचा फरक

कागदावर पाहिले तर ४-३ आणि ३-४ यांत फरक एका माणसाचा आहे. पहिल्या आखणीत चेंडूच्या रेषेवर चार धिप्पाड लाइनमन हात जमिनीला टेकवून सज्ज असतात आणि त्यांच्या पाठीशी तीन लाइनबॅकर उभे असतात; दुसऱ्या आखणीत लाइनमन तीन होतात आणि लाइनबॅकर चार. मात्र या एका माणसाने कामाची वाटणीच पालटते. ४-३ मध्ये क्वार्टरबॅकवर चालून जाण्याची जबाबदारी मुख्यत्वे रेषेवरच्या चौघांची, त्यातही दोन टोकांच्या खेळाडूंची असते. मागचे तिघे लाइनबॅकर धावणाऱ्याला गाठतात आणि आखूड फेकी अडवतात. ३-४ मध्ये रेषेवरच्या तिघांकडून चमकदार खेळाची अपेक्षा नसते. प्रत्येकाने आपल्या दोन्ही बाजूंच्या फटी धरून ठेवायच्या, समोरच्या अडवणाऱ्यांना अंगावर घ्यायचे आणि मागच्यांना वाट मोकळी करून द्यायची, एवढेच त्यांचे काम. आतले दोन लाइनबॅकर त्या मोकळ्या वाटेने धावपटूपर्यंत पोहोचतात. बाहेरचे दोन रेषेच्या दोन्ही कडांवर उभ्या पवित्र्यात थांबतात आणि बहुतेक वेळा क्वार्टरबॅकवर चालून जातात, पण अधूनमधून ऐनवेळी मागे सरकून फेक पकडणाऱ्याच्या वाटेत जाऊन उभे राहतात.

या आखणीचे सारे मर्म या शेवटच्या 'अधूनमधून'मध्ये आहे. तिघे येणार हे समोरच्या संघाला ठाऊक असते. चौथा कोण आणि कोणत्या कडेने येणार, हे चेंडू हलेपर्यंत कळत नाही. केपर्स १९९२ ते १९९४ या काळात पिट्सबर्ग स्टीलर्सचे बचाव समन्वयक होते आणि डिक लबो तेव्हा त्यांच्या हाताखाली मागच्या फळीचे, म्हणजे फेक पकडणाऱ्यांना रोखणाऱ्या खेळाडूंचे, प्रशिक्षक होते. या दोघांनी झोन-ब्लिट्झचा जो खेळ तिथे रुजवला, त्यात अनपेक्षित माणूस पुढे पाठवायचा आणि अपेक्षित माणूस मागे घ्यायचा, ही हुलकावणीच मुख्य होती. अशा खेळात बाहेरचा लाइनबॅकर वजनाने लाइनमनशी भिडणारा, चपळाईने मागच्या फळीतल्या खेळाडूच्या जवळ जाणारा आणि समोरची मांडणी वाचून क्षणात निर्णय घेणारा असावा लागतो. असा एकही खेळाडू २००९ च्या आरंभी ग्रीन बेकडे नव्हता.

आतली जोडी

आतल्या दोन जागांचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. २००६ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी विद्यापीठांतले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) पाचव्या क्रमांकावर घेतलेला ए. जे. हॉक आणि २००३ मध्ये पहिल्याच फेरीत आलेला निक बार्नेट हे दोघे मूळचे ४-३ चेच लाइनबॅकर होते, पण त्यांच्या कामाचा गाभा बदलणार नव्हता. समोरचा खेळ वाचायचा आणि धावणाऱ्याला गाठायचे, हे दोन्हीकडे सारखेच. बार्नेटच्या गुडघ्याचा स्नायुबंध नोव्हेंबर २००८ मध्ये फाटला होता आणि तो वेळेत उभा राहील का ही चिंता होती, तो राहिला. त्यांच्या मागे २००७ च्या सहाव्या फेरीतला डेस्मंड बिशप होता. त्याच्याकडे तेव्हा कोणाचे फारसे लक्ष नव्हते.

चौथे नाव ब्रँडन चिलरचे. त्याचे वडील भारतीय वंशाचे, आणि पुढे तो ईएफएलआय या भारतातल्या अमेरिकन फुटबॉल लीगच्या पाठीराख्यांत होता. 'पुणे मराठाज' हा संघ त्याच लीगमधला. पॅकर्सना मात्र त्याचा उपयोग वेगळ्या कारणाने होता. फेक अडवण्यात तो हॉक आणि बार्नेट या दोघांपेक्षाही सरस होता. समोरच्या संघाने फेक पकडणारे जास्त खेळाडू मैदानात आणले की केपर्स एक लाइनमन बाहेर काढून मागच्या फळीत एक खेळाडू वाढवत. तेव्हा मैदानात दोन लाइनमन, चार लाइनबॅकर आणि पाच मागचे खेळाडू अशी रचना होई आणि तीत चिलर आत येई. म्हणजे ज्या आखणीला '३-४' म्हणायचे, ती प्रत्यक्षात बराच काळ '२-४' असे. आखणीचे नाव बचावाची मूळ मांडणी सांगते, रोजचा व्यवहार नव्हे, आणि ही गोष्ट पुढे ॲरन कॅम्पमन या खेळाडूच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरते.

कॅम्पमन

ॲरन कॅम्पमन हा २००२ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत आयोवा विद्यापीठातून आलेला, कष्टाने मोठा झालेला खेळाडू. रेषेच्या डाव्या टोकावर हात टेकवून बसायचे, चेंडू हलताच उसळून समोरच्या अडवणाऱ्याला हातांच्या जोरावर ढकलत क्वार्टरबॅकपर्यंत जायचे, हे त्याचे कसब. २००६ मध्ये १५.५, २००७ मध्ये १२ आणि २००८ च्या पडत्या काळातही ९.५ सॅक त्याच्या नावावर होते. बचावातला सर्वांत भरवशाचा माणूस तोच होता, आणि नव्या आखणीत त्याचीच जागा उरली नव्हती. ३-४ मधल्या टोकाच्या लाइनमनसाठी त्याचे वजन कमी पडत होते. बाहेरचा लाइनबॅकर व्हायचे तर वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी उभा पवित्रा, मोकळ्या मैदानातली पदरचना आणि फेक अडवण्याची कला मुळापासून शिकावी लागणार होती. शिवाय तो त्याच्या कराराचा शेवटचा हंगाम होता.

संघापुढे तीन वाटा होत्या. त्याला अन्य संघाला देऊन मोबदल्यात ड्राफ्टमधली निवड घेता आली असती. आखणी बदलण्याचा विचार एक वर्ष लांबवता आला असता. किंवा त्याला बाहेरचा लाइनबॅकर करून पाहता आले असते. संघाने तिसरी वाट धरली. मला हा निर्णय त्या वेळच्या परिस्थितीत चुकीचा वाटत नाही, कारण आदल्या हंगामात एकूण २७ सॅक झालेल्या संघाने त्यांतला एक तृतीयांशाहून अधिक वाटा असलेला माणूस सोडून देणे म्हणजे असलेली शिदोरीही फेकून देणे होते. चूक झाली असेल तर ती वापरात झाली. ज्याचे सारे मोल पुढे जाण्यात आहे, त्याला मागे सरकायला लावणे हा या आखणीचा भाग असला, तरी प्रत्येक वेळी मागे सरकताना तो क्वार्टरबॅकवरची आपली एक चाल गमावत होता. त्याला मोजक्या, ठरावीक खेळांपुरते मागे घेऊन एरवी जुनेच काम देता आले असते. निम्म्याहून अधिक हंगाम तो खेळला. नऊ सामन्यांत ३.५ सॅक झाले. २२ नोव्हेंबर २००९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. तो त्याचा ग्रीन बेकडून शेवटचा सामना ठरला. मार्च २०१० मध्ये तो जॅक्सनव्हिलकडे गेला.

दुसरी कड : एप्रिल २००९

सरव्यवस्थापक टेड थॉम्पसन यांची ख्याती हाती असलेल्या निवडी खाली सरकवून त्यांची संख्या वाढवणाऱ्या मितव्ययी माणसाची होती. म्हणूनच २५ एप्रिल २००९ रोजी त्यांनी जे केले, ते आजही लक्षात राहते. आधी नवव्या क्रमांकावर बॉस्टन कॉलेजचा बी. जे. राजी हा रेषेच्या मधोमध उभा राहणारा अवजड लाइनमन घेतला. मग त्याच दिवशी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४१, ७३ आणि ८३ या तीन निवडी देऊन २६ वी निवड आणि सोबत पाचव्या फेरीतली एक निवड मिळवली. २६ व्या निवडीवर नाव पुकारले गेले ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या क्ले मॅथ्यूजचे.

मॅथ्यूजचे घराणे फुटबॉलचे. आजोबा या लीगमध्ये खेळलेले, वडील तब्बल १९ हंगाम लाइनबॅकर, आणि काका ब्रूस मॅथ्यूज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत. इतके असूनही हा मुलगा विद्यापीठात शिष्यवृत्तीविना दाखल झाला होता आणि सुरुवातीच्या अकरांत नियमित खेळू लागला तो शेवटच्या वर्षी. त्याच्या संघातल्या ब्रायन कुशिंगला १५ व्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतले होते. थोड्याच सामन्यांचा अनुभव असलेल्या खेळाडूसाठी तीन निवडी देणे धाडसाचे होते, पण त्या थोड्या सामन्यांत तो नेमके तेच करत होता जे केपर्सना हवे होते. उभ्या पवित्र्यातून कडेने चालून जाणे आणि गरज पडली की मागे येणे त्याला ठाऊक होते. कॅम्पमनला जे नव्याने शिकायचे होते, ते मॅथ्यूज शिकून आला होता.

राजीची निवड लाइनबॅकरांच्या हिशेबात धरली जात नाही, पण माझ्या मते ती धरली पाहिजे. रायन पिकेट, जॉनी जॉली, कलन जेंकिन्स आणि राजी हे चौघे अडवणाऱ्यांना गुंतवून ठेवत, म्हणून हॉक आणि बार्नेट मोकळे राहत. हॉक नव्या आखणीत एकदम चांगला खेळू लागला असे तेव्हा म्हटले गेले. त्याच्या पुढ्यात उभे असलेल्यांची नावे पाहिली तर त्यात नवल वाटत नाही.

सातव्या फेरीत, २१८ व्या क्रमांकावर, कोलोरॅडो विद्यापीठाचा ब्रॅड जोन्स आला. प्रशिक्षकांतही कामाची वाटणी झाली. आतल्या लाइनबॅकरांची जबाबदारी आधीपासून असलेल्या विन्स्टन मॉस यांच्याकडे राहिली आणि बाहेरच्यांसाठी केव्हिन ग्रीन यांना आणले गेले. ग्रीन यांच्या नावावर खेळाडू म्हणून १६० सॅक होते आणि पिट्सबर्ग व कॅरोलायना येथे ते केपर्स यांच्याच हाताखाली खेळलेले होते. प्रशिक्षकपदाचा अनुभव जवळपास शून्य असूनही त्यांना नेमण्यामागचा विचार सरळ होता. ही जागा ज्याने स्वतः खेळली, त्याने ती शिकवावी.

चार विजय, चार पराभव

सराव शिबिरात मॅथ्यूजच्या मांडीच्या मागचा स्नायू दुखावला, त्यामुळे आरंभी उजव्या कडेवर ब्रॅडी पॉपिंगा उभा राहिला. तोही ४-३ मधला जुना लाइनबॅकर. ५ ऑक्टोबरच्या सोमवारी रात्री मिनेसोटाविरुद्ध मॅथ्यूजने एड्रियन पीटरसनच्या हातातून चेंडू हिसकावला आणि ४२ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुण मिळवले. सामना हरला, पण उजव्या कडेचा प्रश्न त्या रात्री मिटला.

८ नोव्हेंबरला संघ तळाला होता. तोवर एकही सामना न जिंकलेल्या टॅम्पा बेने पॅकर्सना ३८-२८ असे हरवले आणि हिशेब चार विजय, चार पराभव असा झाला. पुढच्या आठ सामन्यांपैकी सात जिंकले गेले. या उलटफेराच्या आरंभीच कॅम्पमन जायबंदी झाला, त्याच्या जागी सातव्या फेरीतला जोन्स उभा राहिला आणि चार सॅक करून गेला. एखाद्याने यावरून असे म्हणावे की कॅम्पमन गेला आणि आखणी फळाला आली, तर तो अन्याय ठरेल. या उलटफेरातला पहिला, डॅलसविरुद्धचा विजय त्याच्या गुडघ्याच्या दुखापतीआधीचा आहे आणि मागच्या फळीत चार्ल्स वुडसन त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरण्याइतके खेळत होता.

हंगाम ११-५ असा संपला. प्रतिस्पर्ध्यांचे धावण्याचे यार्ड दर सामन्यात सुमारे ८३ वर आले, जे लीगमध्ये सर्वांत कमी होते. एकूण यार्डांत बचाव दुसऱ्या क्रमांकावर होता, प्रतिस्पर्ध्यांकडून चेंडू हिसकावण्याचे प्रसंग ४० झाले, आणि सॅक २७ वरून ३७ वर गेले, त्यांतले दहा मॅथ्यूजचे. इतके होऊनही १० जानेवारी २०१० रोजी ॲरिझोनात कर्ट वॉर्नरने ३३ पैकी २९ फेकी पूर्ण केल्या. त्याच्या अपुऱ्या फेकी चार आणि टचडाउन पाच होते. पॅकर्स ५१-४५ असे जादा वेळेत हरले. त्या दुपारी दोष मागच्या फळीला दिला गेला, पण वॉर्नरला चेंडू सोडण्याआधी गाठणारे कोणी नव्हते. एका कडेवर सारे लक्ष दिले की दुसरी कड गप्प राहत होती.

२०१० : पडणारी माणसे

पुढच्या हंगामाचा आरंभच बोलका आहे. फिलाडेल्फियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात हॉक, म्हणजे पाचव्या क्रमांकावर निवडलेला लाइनबॅकर, बचावात एकही खेळ खेळला नाही. समोर फेक पकडणारे अनेक होते, म्हणून बार्नेट आणि चिलर मैदानात राहिले. आखणी माणसाला किती झटपट बाजूला सारू शकते, हे कॅम्पमननंतर दुसऱ्यांदा दिसले. मात्र काही आठवड्यांतच बार्नेटचे मनगट मोडले आणि तो हंगामातून बाद झाला. चिलर, पॉपिंगा आणि जोन्स हेही दुखापतींच्या यादीत गेले. हॉक पुन्हा आत आला, शिरस्त्राणातला रेडिओ त्याच्याकडे आला आणि मैदानात आदेश देण्याचे काम तोच करू लागला. त्याच्या शेजारी डेस्मंड बिशप उभा राहिला.

दुसऱ्या कडेवर आता सेंट्रल मिशिगन विद्यापीठातला फ्रँक झोम्बो होता. तो कोणत्याही फेरीत निवडला गेला नव्हता आणि विद्यापीठात तो रेषेच्या टोकाचा लाइनमन होता, म्हणजे मूळचा कॅम्पमनच्याच जातीचा. मायामीने सोडलेला एरिक वॉल्डन हंगामाच्या मध्यावर आला. २ जानेवारी २०११ रोजी बाद फेरीत जाण्यासाठी शिकागोविरुद्ध जिंकणे भाग होते. सामना १०-३ असा जिंकला गेला आणि वॉल्डनने त्यात तीन सॅक केले. हंगामाचे एकूण सॅक ४७ झाले, त्यांतले १३.५ मॅथ्यूजचे. दिलेले गुण २४० होते, जे लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकाने कमी. ३-४ च्या समर्थकांना या आकड्यांत आखणीचा विजय दिसतो. मला त्यात अधिक मोठा वाटा कामाच्या रेखीव व्याख्येचा दिसतो. जागेने नेमके काय मागायचे हे ठरलेले असेल, तर सातव्या फेरीतला किंवा कोणी न निवडलेला खेळाडूही ती काही काळ सांभाळतो.

६ फेब्रुवारी २०११ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोर पिट्सबर्ग होते आणि त्यांच्या बचावाचे सूत्रधार होते डिक लबो. चौथ्या सत्राच्या आरंभी पॅकर्स २१-१७ असे पुढे होते आणि पिट्सबर्ग पॅकर्सच्या पल्ल्यात शिरले होते. बाजूला उभ्या ग्रीन यांनी मॅथ्यूजला 'वेळ आली आहे' अशा अर्थाचे शब्द ऐकवले, आणि लगेच मॅथ्यूज व पिकेट यांच्या धडकेत रशार्ड मेंडेनहॉलच्या हातातून चेंडू निसटला. तो बिशपने उचलला. पॅकर्स ३१-२५ असे जिंकले. दोन वर्षांपूर्वीच्या लाइनबॅकर-यादीतला हॉक आणि बिशप यांच्याशिवाय कोणी त्या सामन्यात खेळत नव्हता.

राहून गेलेले

२०११ मध्ये संघ १५-१ असा जिंकत गेला, पण जेंकिन्स फिलाडेल्फियाकडे गेला होता आणि रेषेवरचा तो दाब नाहीसा झाला. सॅक २९ वर घसरले, मॅथ्यूजचे सहाच झाले, आणि पॅकर्सनी फेकीतून ४,७९६ यार्ड दिले, जो तोवरचा लीगचा उच्चांक होता. विरोधी संघ मॅथ्यूजवर दोन-दोन माणसे लावत आणि दुसरी कड त्याचा फायदा घेऊ शकत नव्हती. २०१२ मध्ये पहिल्या फेरीत २८ व्या क्रमांकावर निक पेरीला घेतले. सदर्न कॅलिफोर्नियाचाच, पण हात टेकवून खेळणारा टोकाचा लाइनमन, आणि त्यालाही उभा पवित्रा शिकावा लागला.

त्या कडेचे सर्वांत समाधानकारक उत्तर आले २०१४ मध्ये, आणि तेही अनपेक्षित दिशेने. शिकागोने मोकळ्या केलेल्या ज्युलियस पेपर्सला पॅकर्सनी बाहेरचा लाइनबॅकर म्हणून घेतले. पेपर्स आयुष्यभर रेषेच्या टोकावर खेळलेला. २००२ च्या ज्या ड्राफ्टमध्ये कॅम्पमन पाचव्या फेरीत निवडला गेला, त्याच ड्राफ्टमध्ये पेपर्स दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला होता, आणि वयाने तो कॅम्पमनपेक्षा जेमतेम दोन महिन्यांनी लहान. पण त्याच्याकडून पाच वर्षांपूर्वीइतके सारे मागितले गेले नाही. मूळ ३-४ आता फार थोडा वेळ मैदानात असे, दोन लाइनमनची रचनाच नित्याची झाली होती, आणि पेपर्सला बहुतेक वेळा पुढेच पाठवले जाई. मागे सरकला तेव्हाही त्याच्या उंचीचा उपयोग झाला. विरोधकांच्या दोन फेकी मध्येच पकडून त्याने त्यांचे टचडाउन केले. सात सॅकही झाले. त्याच नोव्हेंबरात आतली फळी दुबळी पडू लागल्याने मॅथ्यूजला आतल्या जागी हलवावे लागले आणि तो निम्मा वेळ बाहेर, निम्मा वेळ आत असा खेळला. ज्या कडेसाठी पाच वर्षे शोध चालला होता, तिच्यावर पेपर्स खंबीर उभा होता, आणि मॅथ्यूजची कड मात्र आता अर्धा वेळ दुसऱ्या कोणाच्या हाती होती.